अक्कांची ओटी

कामावर आलेल्या नव्या मुलीला पहिल्या दिवशी कामच करू द्यायचं नाही, हा अक्कांचा शिरस्ता. कोळवणच्या आमच्या वृद्धाश्रमाची व्यवस्थापक मी, म्हणजे कागदोपत्री सत्ता माझी. पण मुलगी दारात आली, की सगळ्यात जुन्या सेविका म्हणून अक्का तिला खुर्चीत बसवत, चहा देत आणि आज्यांना हाक मारत, "या गं समद्या, पोरीची ओटी भरायची हाय!"

आता आमच्या बहुतेक आज्या विधवा. ओटी म्हटल्यावर त्या मागे सरत. पूर्वी शाळेत हेडबाई असलेल्या आजी पहिल्या वेळी म्हणाल्या, "अहो, आम्हाला नाही चालत." अक्कांचंही कुंकू ऐन तिशीत गेलेलं. त्यांनी सरळ तांदळाचं सूप पुढे केलं. "हितं कोन बगतंय? हात चांगला हाय ना? मग भरा." थरथरत्या हातांतले निम्मे तांदूळ फरशीवर सांडत आणि ते वेचता वेचता मुलीची सगळ्यांशी ओळख होऊन जाई.

हिंजवडीच्या कंपन्यांत साफसफाईचं काम मिळालं, की आमच्या मुली गुपचूप पसार होत. मग फोनसुद्धा उचलत नसत. अक्का म्हणत, "पगार बगून आलेली पगार बगून जातीच की, म्याडम. पन ओटी भरलेल्या घरातनं न सांगता कशी जाईल?" आणि खरंच, मुली सांगून जायला लागल्या. निरोप घ्यायला बसलेल्या निम्म्या तर रडून झाल्यावर राहूनच जात.

मग नवा नियम आला. ज्याच्याकडे प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र नसेल, त्याने म्हाताऱ्या माणसांना उचलायचं नाही, अंघोळ घालायची नाही. नियम चांगलाच होता. माझ्याच आईला एका नवख्या बाईने पाडलं होतं. पण मुली प्रशिक्षण घेऊनच आलेल्या, आमच्याकडे प्रमाणपत्र नसलेल्या एकट्या अक्काच! तीन महिने पुण्यात राहून शिकायचं, नाहीतर स्वयंपाकघर सांभाळायचं. "माजं पिठलं खाल्लं की म्हातारी आपनच नियम बदलाया लावत्याल," असं म्हणत त्यांनी पिशवी भरली.

मी मात्र मनात हिशेब मांडत होते. शिकलेल्या बाईला शहरात मागणी. त्यातून हिंजवडीजवळच्या जांबे गावात दिलेली त्यांची लेक कधीपासून इकडेच ये म्हणून मागे लागलेली. अक्का परतल्या नाहीत तर एकेक करून मुलीही जाणार, हे मला दिसत होतं.

निघायच्या दिवशी हेडबाई सूप घेऊन आल्या. अक्का चटकन मागे झाल्या. "मला न्हाई वो चालत."

"इथं कोण बघतंय?" हेडबाई म्हणाल्या. "पदर पसरा."

अक्कांनी पदर पसरला आणि त्या हमसून हमसून रडल्या. आम्हीही रडलो.

प्रशिक्षण संपलं. शेवटच्या दिवशी दवाखान्यांची माणसं येऊन बायकांना तिथल्या तिथे नोकऱ्या देऊन गेली, असं कानावर आलं. अक्कांचा फोन लागेना. मी मनातल्या मनात त्यांच्या जागेची जाहिरातही लिहायला घेतली. आणि दुपारच्या एसटीतून अक्का उतरल्या.

"कोन गेली?" हा पहिला प्रश्न.

"कोणीच नाही."

त्यांनी पिशवीतून ओटीचा नारळ काढला. "बोलावनारे लई व्हते. पन ओटी हितली, मग नारळ तितं कसा वाढवू?" पायरीवर वाढवला, तर पाणी आटून आत खोबरं झालेलं. दात असलेल्यांना तुकडा मिळाला, नसलेल्यांना किसून साखर घालून. प्रमाणपत्र बघायचं मला दुसऱ्या दिवशी आठवलं.

नुकतीच मी निवृत्त झाले. निघताना अक्कांनी माझीही ओटी भरली. तो नारळ पुण्यात देवापाशी ठेवलाय. अक्कांचा फोन येतो, "वाढवला का?" मी नाही म्हणते.

"मग या की हितं."

येत्या रविवारी नारळ घेऊन कोळवणची एसटी धरणार आहे. किसणी तिथे आहेच.