आमना राउंड लांब राहे

सकाळी साडेसातला धुळ्याहून वहिनींचा फोन आला. "भाऊजी, आबा गेले," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "कुठे?" पलीकडे कोणी बोलेना. समजूतदार माणसाला तेवढ्यावरून कळलं असतं. मी मात्र पुढे विचारलं, एसटी स्टँडवर पाहिलं का... मागच्या दोन वर्षांत आबा तीनदा घरातून निघून गेले होते आणि तिन्ही वेळा स्टँडवर, चाळीसगावच्या गाडीसमोर उभे सापडले होते. "तसं नाही हो भाऊजी," वहिनी म्हणाल्या, आणि मग मलाच रडू आलं, आणि त्याच मला समजावत बसल्या. आयुष्यात जे करायचं ते मी उशिरा आणि चुकीच्या जागी केलंय. लोटन आबांच्या बाबतीत तर फारच. त्याला आता पाच आठवडे होतील. लिहितोय ते थोडं आबांबद्दल आहे आणि बरंचसं माझ्या भित्रेपणाबद्दल आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आबा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठे. आमच्या तरुणपणी धुळ्यात कुस्तीच्या तालमींना तोटा नव्हता, पण बॉक्सिंग शिकायचं तर पांझरेकाठची एकच जागा: पत्र्याची शेड, चार बांबूंना बांधलेले दोर आणि मधे पोत्यात भरलेली वाळू. मी बॉक्सिंगला जातो म्हटल्यावर आईला वाटलं, केळीची खोकी बनवायचं काम मिळालं. बरेच दिवस ती शेजारणींना तसंच सांगत होती. खोकी बनवली असती तर बरं झालं असतं. पहिल्याच दिवशी आबांनी नाकावर एक हलकासा ठोसा दिला, म्हणजे त्यांच्या मते हलकासा, आणि मी आडवा. डोळे उघडले तेव्हा आबा पंच्यानं वारा घालत होते. म्हणाले, तू घड्याळ धर. त्या दिवसापासून माझ्या हातात स्टॉपवॉच आलं, दुसऱ्या हातात हातोडी आली आणि मला 'घड्याळ्या' हे नाव पडलं. शेडच्या आढ्याला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. तीन मिनिटं झाली की त्यावर टोल द्यायचा, राउंड संपला. एवढंच माझं काम. एखाद्या माणसाला याहून सोपं काम देता येईल असं मला वाटत नाही.

आबा पुढे एका सरकारी कचेरीत लागले, मी जळगावला नोकरीला गेलो, पण रविवारी माझं धुळ्याला येणं सुटलं नाही. येताना केळीचे वेफर्स आणायचे आणि ओसरीत बसून भांडायचं. भांडण एकच, जुने बॉक्सर भारी की आजचे. मी मोबाईलवर आजच्या लढती दाखवायचो. पायांची ती चपळाई बघा, म्हणायचो, यांना खायला काय द्यायचं ते सांगायला वेगळा माणूस असतो, समोरच्याच्या जुन्या लढती पाहून हे तयारी करतात, तुमच्या वेळच्या पैलवानाला हे हात लावू देणार नाहीत. आबा मोबाईल लांब धरून, डोळे बारीक करून बघायचे. चांगलं असेल त्याला चांगलं म्हणायचे. एका पोरीची लढत तर त्यांनी पुन्हा पुन्हा लावायला सांगितली, म्हणाले, हिचा डावा हात मला असता तर मी कचेरीत कशाला फायली वाहिल्या असत्या. पण हार मानायचे नाहीत. आमचे हातमोजे घामानं भिजले की विटेसारखे व्हायचे, म्हणायचे. डोक्यावर काही नाही, तोंडात काही नाही, सकाळी एक लढत आणि संध्याकाळी दुसरी. आणि शेवटी मांडीवर थाप मारून हुकमाचं पान टाकायचे: "आमना राउंड लांब राहे रे, घड्याळ्या. आतेना पोरे तीन मिनिटमां दम टाकतस."

यावर मी मोबाईल खिशात टाकायचो. आबांना वाटायचं, आपण जिंकलो. वहिनींनाही तसंच वाटायचं. आमचा राउंड लांब असायचा, हे आबा पाहुण्यांना, कचेरीतल्या साहेबांना, दाढी करणाऱ्याला, सगळ्यांना सांगायचे. आणि मी तिथे असलो की वेफर्सची पिशवी पुढे करायचो. कारण त्या काळीही राउंड तीनच मिनिटांचा होता. लांब राउंड एकच झाला, आणि तो मी केला होता.

चाळीसगावचा एक रेल्वेतला गडी लढायला आला होता. काळाकभिन्न, शांत, हसतमुख. शेड माणसांनी भरलेली. पहिल्या दोन राउंडांत आबा मागे पडले. तिसऱ्यात मात्र त्यांनी त्याला दोरांवर रेटला, आणि काय हात चालले त्यांचे... मी घड्याळ पाहिलं, तीन मिनिटं होत होती. हातोडी वर नेली. आणि मनात आलं, दहाच सेकंद. दहा सेकंदांत गडी खाली बसतोय. हा विचार मैत्रीतून आला होता, हे मी स्वतःला फार वर्षं सांगितलं. दहाव्या सेकंदाला त्या गड्यानं दोराचा झोका घेऊन आबांच्या कानशिलावर मारली. आबांचे हात खाली आले. मग तो मारतच गेला. आता टोल द्यायचा तर सगळे माझ्या घड्याळाकडे बघणार, हे माझ्या डोक्यात आलं, आणि हात वरच राहिला. लाकूड झाला. आबांचं डोकं डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे... टोल मी दिला की हातोडी सुटून रुळावर पडली, हे मला आजही सांगता येत नाही. घड्याळात चार मिनिटं आणि वर चाळीस सेकंद झाले होते. मी ते झटकन शून्यावर आणलं. आबा पडले नाहीत, पण गुणांवर हरले. त्या रात्री त्यांना चार उलट्या झाल्या. जागरणाचं पित्त म्हणून त्यांनी लिंबू चोखलं.

त्रेचाळीस वर्षं मी हे कोणाला सांगितलं नाही. मग आबांचा हात थरथरू लागला. चहा बशीत सांडायचा. नावं जाऊ लागली, आधी कचेरीतल्यांची, मग भावांची. वहिनी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या तेव्हा मी सोबत होतो. डॉक्टरांनी विचारलं, तरुणपणी डोक्याला मार वगैरे? वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, तुम्हीच सांगा. तुम्ही होतात ना तेव्हा." खोलीत पंखा फिरत होता. आबा माझ्या शर्टाच्या बटणाकडे बघत होते. मी म्हणालो, तसा विशेष काही नाही. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. पुढे ते म्हणाले की वयानंही होतं, अनेक कारणं असतात, एकच सांगता येत नाही. मला तेवढंच हवं होतं, आणि त्यानंच माझी झोप गेली. एकच सांगता येत नाही म्हणजे एक असूही शकतं. ते एक मिनिट चाळीस सेकंद असू शकतात.

शेवटी एका रविवारी, वहिनी आत असताना, मी सांगून टाकलं. सगळं. मी खुर्चीचा पाय धरून बसलो होतो. आबांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "मंग? मी जिकनू का?" मी म्हणालो, हो. म्हणजे गुन्हा कबूल करता करता मी दुसरा केला. आबा खूष झाले, दोन वेफर्स खाल्ले. जळगावची गाडी धरली तेव्हा मला हलकं वाटत होतं. पुढच्या रविवारी गेलो तर आबा म्हणाले, घड्याळ्या, आमना राउंड लांब राहे... त्यांच्या डोक्यात काहीच उरलं नव्हतं. मला पुन्हा सांगावं लागलं, पुन्हा तेवढंच भीत. त्या वेळी ते चिडले, चहाला हात लावला नाही, माझ्याकडे पाठ करून बसले. तिसऱ्या रविवारी हसले. माझी शिक्षा अशी ठरली होती की कबुली दर आठवड्याला नवी, आणि समोरून काय येईल ते कळायचं नाही. वाटेतलं पारोळा मागे पडलं की मी वाक्यं पुन्हा जुळवू लागायचो.

शेवटच्या रविवारी मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तेच बोलू लागले. डोळे अगदी लख्ख. "मी तुन्हाकडेच देखी राहिंतू. तुन्हा हात वर व्हता. खाले उनाच नही." खाली आलाच नव्हता, हे खरंच होतं. ते किती दिवसांपासून हे बाळगून होते, की त्याच क्षणी कुठून वर आलं, मी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती. ते पुढे म्हणाले, "मन्हापेक्षा तुलेच जास्त भ्याव वाटी राहिंतं." आणि खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी दोन्ही मुठी हनुवटीशी नेल्या. मुठी थरथरत होत्या. शेड मोडली तेव्हा तो रुळाचा तुकडा आबांनी घरी आणून ओसरीत टांगला होता, त्याच्याकडे मानेनं खूण केली. "घंटी वाजाड ना रे आते."

मी उठलो. हातोडी खिडकीत असायची. टोल दिला. वहिनी हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर धावत आल्या. आबांनी मुठी खाली घेतल्या, मान मागे टाकली आणि राउंडनंतर मागायचे तसं पाणी मागितलं. पुढच्या रविवारच्या आत फोन आला.

तेराव्यानंतर वहिनींनी तो तुकडा हातोडीसकट मलाच दिला. पोत्यात गुंडाळून एसटीनं आणला; कंडक्टरनं विचारलं, काका, रेल्वे सोडून एसटीत का बसले? जळगावच्या घरी गॅलरीत टांगलाय. रोज सकाळी स्टॉपवॉच लावतो, चहा घेत बसतो, तीन मिनिटांवर टोल देतो. एक सेकंद इकडे तिकडे नाही. बायकोला सांगितलंय, आबांची आठवण म्हणून. खरं म्हणजे मी माझं डोकं तपासत असतो. मी एकच ठोसा खाल्लाय, पण डोकं मुळातलंच कच्चं, आणि हल्ली मलाही नावं आठवत नाहीत.

परवा आतून बायकोचा आवाज आला, "आज वाजवलं नाही का हो?" मी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं होऊन गेली होती, काटा पुढे चाललाच होता, आणि मी कशाचा विचार करत होतो ते मला काही केल्या आठवेना. तिला काहीतरी सांगायला हवं होतं. म्हणालो, "आमना राउंड लांब राहे."

ती हसली. मी हातोडी शोधत होतो. खिडकीत नव्हती, खुर्चीखाली नव्हती... माझ्या हातातच होती.