बारीक ज्योतीचे पाइप

बाबा रेल्वेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झाले आणि इंदूरशेजारच्या आमच्या शहरात, माधवनगरच्या घरी सल्ला देणाऱ्यांची ये-जा सुरू झाली. एक म्हणाला शेअर घ्या, कारण तेव्हा सगळेच घेत होते. दुसरा म्हणाला फाटकाशी एसटीडी बूथ टाका, कारण तेही सगळेच टाकत होते. आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांचं म्हणणं होतं की बाबांनी मंडळाचं कार्यवाहपद घ्यावं आणि उरलेलं आयुष्य समाजाला द्यावं. अध्यक्ष हे त्यांचं पद होतं, पण ते इतकं जुनं झालं होतं की त्यांची बायकोसुद्धा त्यांना ‘अध्यक्ष’ अशीच हाक मारायची.

बाबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि बँडची वाद्यं दुरुस्त करायचं ठरवलं.

हा वेडेपणा नव्हता. लग्नं त्या वर्षांत एकदम फुगली होती. बँडवाल्यांच्या खांद्यांवर सेनापतीला शोभतील असे सोनेरी झुपके आले होते, पण हातातलं पितळ तेच होतं, वाडवडिलांचं, पोचे पडलेलं. दुरुस्तीला ते इंदूरला धाडावं लागे. बाबांना लहानपणापासून या वाद्यांचं वेड. वरात दिसली की नवरदेवाऐवजी ते तुताऱ्यांच्या चाव्या बघत चालायचे. देवास गेटजवळ एक ओळखीचा रेडिएटरवाला होता. निवृत्तीनंतर त्याच्याकडे बसून त्यांनी पितळ जोडायला शिकून घेतलं. त्याची टॉर्च, म्हणजे गॅसच्या ज्योतीने धातू जोडायचं हत्यार, मात्र ट्रकच्या कामाची, ज्योत हातभर. तिच्यापुढे धरलेल्या एका बिगुलाला बाबांनी असं भोक पाडलं की त्यातून पलीकडचा बसस्टँड दिसत होता. तेव्हा ठरलं, आपली छोटी टॉर्च घ्यायची.

खरेदीला बाबा, आई आणि मी निघालो. अध्यक्ष आपणहून आले. हार्डवेअरचं दुकान एका बोहरी शेठचं होतं. सोनेरी काठाची पांढरी टोपी, नाकावर घसरलेला चष्मा.

टॉर्च लगेच मिळाली, पेनाहून थोडी जाड, हातात मावणारी. खरा प्रश्न पुढे होता. तिला दोन पाइप लागतात, ऑक्सिजनचा निळा आणि ॲसिटिलीनचा लाल. आणि टोकाला लागतं नोझल. नोझलचं भोक जेवढं, तेवढी ज्योत.

“पतले भी हैं, मोटे भी हैं,” शेठ म्हणाले. “काम क्या है?”

“काम मोठं आहे,” बाबांच्या आधी अध्यक्षांनी सांगून टाकलं. “देखिए शेठजी, जो चीज लेनी है, भारी लेनी है. घरी चार लोक येतील, बघतील.”

बाबा पुटपुटले, “पण मला वाटतं, बारीक...”

“तुमचं नेहमी असंच, बारीक! अहो, मोठ्या नोझलने लहान काम होतं. लहानाने मोठं होईल का?”

हे वाक्य इतकं ठाम होतं की बरोबर वाटलं. अध्यक्षांची पुष्कळ वाक्यं अशीच असत. बाबा भिडस्त. जाडजूड, ताठ पाइप आणि अंगठ्याएवढी नोझलं बांधून झाली. निघताना शेठ एकच गोष्ट हात जोडून म्हणाले, “बाबूजी, ऑक्सिजन के पास तेल, घी, ग्रीस कुछ नहीं. पाना भी साबुन से धोके पकड़ना. तेल लगा और ऑक्सिजन मिला, तो समझो बम.” अध्यक्ष तेव्हा दुसऱ्या गिऱ्हाइकाला उदारीकरण समजावून सांगत होते.

पहिलं काम लगेच आलं. शहरातल्या एका बँडमास्टरचं युफोनियम, म्हणजे कडेवरच्या मुलासारखं छातीशी धरून वाजवायचं मोठं पितळी वाद्य. त्याच्या दोन नळ्यांना धरून ठेवणारी आडवी दांडी निखळली होती आणि वळणाशी चीर गेली होती. देवउठनी ग्यारसला, म्हणजे कार्तिकी एकादशीला, लग्नांचा हंगाम उघडतो, त्याच संध्याकाळी त्यांची पहिली वरात होती.

“बाबूजी, बज गया तो पूरे बँड का माल आपके पास,” बँडमास्टर म्हणाले. “नहीं बजा तो बुरा मत मानना, फिर इंदूर ही भला.”

बाबा दोन दिवस जेवताना त्या वाद्याकडेच बघत होते. आईने शेवटी ते समोरून उचलून पलंगावर ठेवलं आणि वर चादर घातली.

ग्यारसच्या आदल्या दिवशी सकाळी काम करायचं ठरलं. अध्यक्षांनी त्याचं उद्घाटन करून टाकलं. अंगणात सतरंजी, मंडळाची पंधरा-वीस माणसं, समई, हार घातलेले दोन सिलिंडर. हार बाबांच्याही गळ्यात. पोहे-जिलबीचा वास असा दरवळत होता की अध्यक्षांच्या भाषणाला कोणी हरकत घेतली नाही. भाषणात अग्नीचा शोध, वैदिक काळ, शिंदे संस्थानचा तोफखाना आणि मंडळाची रिकामी कार्यवाहपदाची जागा हे सगळं आलं.

मग ते म्हणाले, “आता यंत्राची जोडणी माझ्या हस्ते.”

त्यांनी निळा पाइप उचलला आणि ॲसिटिलीनच्या सिलिंडरला लावू लागले. तो लागणारच नव्हता. हे आटे मुद्दाम उलटसुलट कापलेले असतात, ऑक्सिजनचा सुलटा, ॲसिटिलीनचा उलटा, म्हणजे कोणाला चूक करताच येऊ नये. बनवणाऱ्यांनी आमचे अध्यक्ष पाहिले नव्हते. त्यांनी जोर लावला, घाम पुसला, “नवीन आहे, जरा कडक आहे,” असं म्हणाले, आणि समईत बोट बुडवून ते तेल पाइपच्या तोंडात आतपर्यंत फिरवलं.

“ठेवा तो खाली!”

आई ओरडली. हातात पोह्यांचा झारा घेऊन ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिचा तो आवाज त्याआधी एकदाच ऐकला होता, आमच्या गच्चीवर माकड आलं तेव्हा.

“वहिनी, अहो शुभकार्य आहे. समईचं तेल...”

“तेल शुभच आहे. ऑक्सिजनला ते माहीत नाही. ठेवा आधी.”

शेठचं बोलणं तिने सगळ्यांना सांगितलं. ‘बम’ शब्द ऐकून सतरंजी मागे सरकली. माणसं बसल्या जागीच सरकली, हातातली जिलबी कोणी सोडली नाही. बाबांनी पाइप उचलून वास घेतला. तेल आत ओघळलं होतं.

“हा गेला,” ते म्हणाले. “आता नाही वापरता येणार.” मग पलंगाच्या दिशेने पाहिलं. “वरात उद्या आहे.”

आईने झारा माझ्या काकूच्या हातात दिला, टॉर्च पिशवीत घातली आणि मला म्हणाली, “चल गं, टेम्पो पकडू.”

शेठ दुकानात होते. आईने काउंटरवर टॉर्च ठेवली आणि म्हणाली, “भाईसाब, पाइप दिखाओ. सब.”

“वही वाला दूँ?”

“वो तो अध्यक्षांनी लिया था. अब मैं लेती हूँ.”

तिने प्रत्येक पाइप टॉर्चला लावायला सांगितला आणि टॉर्च चिमटीत धरून काउंटरवरच्या धुळीत ठिपक्यांची रांगोळी काढून बघितली. जाड पाइप लावला की मनगट मागे ओढलं जायचं, साखळीला कुत्रा बांधल्यासारखं, आणि रेघ वाकडी. मधला लावला तर वळणावर अडे. शेठ आधी हसले, “बेनजी, रंगोली नहीं बनानी है.”

“बनानीच है, समझो. ये पीतल पे बनानी है. हाथ खिंचेगा तो भोक पडेगा.”

शेठ हसायचे थांबले. आत जाऊन त्यांनी धुळीने माखलेलं एक वेटोळं आणलं, करंगळीहून बारीक, लाल-निळं, लुसलुशीत. “ये सुनारों के लिए मँगाया था, कोई लेता नहीं. सबको मोटा चाहिए.” ते लावल्यावर आईच्या हाताला पाइप आहे हेच कळेना. तिने एका दमात गोपद्म काढलं.

नोझलही तिनेच निवडलं. एकेक उजेडात धरून भोक बघितलं, जशी सुई ओवताना बघते तसं, आणि सगळ्यांत बारीक ते घेतलं. शेठनी नवे नट बसवून, क्लिपा आवळून दिल्या. हात साबणाने धुवायला लावले, आम्हालाही.

परतलो तर मंडळी तशीच होती. पोह्यांची दुसरी फेरी चालू होती. बाबांनी गळ्यातला हार काढला, पाइप जोडले, साबणाच्या फेसाने गळती पाहिली आणि टॉर्च पेटवली. आधी पिवळी धुरकट ज्योत, मग ऑक्सिजन सोडल्यावर ती आक्रसत गेली आणि टोकाशी तांदळाएवढा निळा दाणा उरला. अध्यक्ष निराश झाले. “एवढीशीच?”

बाबांनी ऐकलं नसावं. चष्मा चढवून ते त्या चिरेवर वाकले होते. पितळ लाल होत आलं, जोडतार टेकवली, आणि ती पाण्यासारखी चिरेत पळाली. भोक पडलं नाही. मग दांडी, एक बाजू, दुसरी बाजू. आई मागे उभी राहून पाइप उचलून धरत होती, खरं तर गरज नसताना.

दुसऱ्या दिवशी दुपारी बँडमास्टर वाद्य घेऊन गेले. जाताना नुसते “देखते हैं” म्हणाले.

संध्याकाळी वरात आमच्याच रस्त्याने आली. डोक्यावरचे दिवे, घोडी, रस्त्याच्या मधोमध नाचणारे मामेलोक. आम्ही तिघं फाटकाशी. बाबांना ना नवरदेव दिसत होता ना दिवे. तुताऱ्या, ढोल, खुळखुळे या सगळ्या कल्लोळाखालून एक जाड, पोटातला आवाज येत होता, भों, भों, भों, आणि प्रत्येक भोंला त्यांची मान हलत होती.

आईने कान देऊन ऐकलं. “अहो, बेसूर वाजतंय.”

“तो वाजवणाऱ्याचा प्रश्न,” बाबा म्हणाले. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. “हवा कुठूनच जात नाहीये.”

युफोनियमवाल्याने जाता जाता बाबांकडे बघून डोळे मिचकावले. गाल फुगलेले असल्यामुळे त्याला तेवढंच करता येत होतं. मागून बँडमास्टर रांग सोडून धावत आले, झुपके उडवत. “बाबूजी, कल सुबह घर पे रहना! पूरा ठेला भरके ला रहा हूँ!”

“कल क्यों?” बाबा ओरडले. “आज ही ले आओ!”