वरच्या मजल्यावरच्या काकांचं रुखवत

उभ्या दिल्लीत आणि यमुनेपलीकडच्या सगळ्या सेक्टरांत मिळून त्या काळी आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांशिवाय एकही मराठी लग्न लागलं नाही, असं मी म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती असलीच तर चिमूटभर असेल. भटजी आले नाहीत तर दुसरे मिळत, आचारी ऐन वेळी पळाला तर कोपऱ्यावरचा हलवाई होताच, नवऱ्या मुलाची गाडी जानेवारीच्या धुक्यात आग्र्याजवळ अडकून पडली तर गोरज मुहूर्त काढता येई. पण काकांना ताप आलाय म्हटल्यावर वधूची आई मटकन खालीच बसायची. कारण काका रुखवत करत. भरघोस मिशांचा, केंद्र सरकारच्या कुठल्याशा मंत्रालयात फायली पुढे सरकवणारा हा गृहस्थ घरी आला, की पायजम्यावर सफारीचा शर्ट घालून मणी ओवायला बसे. महाराष्ट्रातून नव्यानं बदली होऊन आलेल्यांना याची गंमत वाटायची. आम्हाला वाटत नसे, कारण आम्ही त्यांच्या खालीच राहत होतो. सरकारी क्वार्टर्समध्ये ते आमच्या वर होते, आणि पुढे नोएडातल्या सोसायटीत फ्लॅटची सोडत निघाली तेव्हाही नेमके आमच्याच डोक्यावर आले. त्यांच्या हातोडीच्या ठोक्यांवर माझं सगळं शिक्षण झालं.

काकू शाळेत गणित शिकवत आणि त्यांना सुईत दोरा ओवता येत नसे, हे त्या स्वतःच अभिमानानं सांगत. "हे मला बघायला आले तेव्हा सारखे खाली मान घालून बसले होते. मला वाटलं, मुलगा लाजाळू आहे. कसला लाजाळू! टीपॉयवरच्या रुमालाचे टाके मोजत होते!" पुढे स्वतःच्या लग्नात काका मुंडावळ्यांसकट बोहल्याजवळून नाहीसे झाले. मुलगा पळाला की काय म्हणून वधूपक्ष शोधायला धावला. नवरदेव सापडले ते रुखवताच्या टेबलाशी. काकूंच्या मावशीनं केलेल्या मण्यांच्या राघूची चोच निसटली होती आणि ती नीट बसेपर्यंत मंगलाष्टकं थांबवा, असा त्यांचा निरोप होता. मावशींनी त्या दिवशी जावयाला जे मनात धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

काकांचं रुखवत एकासारखं दुसरं कधी नसे. लोकरीचं तोरण आणि नारळाला नाकडोळे, एवढ्यावर भागवणाऱ्यांना ते 'कामचोर' म्हणत. मुलगी कुणाची, मुलगा काय करतो, सासर कुठलं, याची ते लग्न जमवणाऱ्यापेक्षाही कसून चौकशी करत. बँकेतल्या जावयासाठी त्यांनी शेवयांची बँक बांधली, तिच्या दारावर डाळिंबाच्या सालीचा पहारेकरी उभा केला. गुडगावच्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर असलेल्या एका मुलासाठी वाळवलेल्या दुध्याची मोटार केली, सुपारीच्या चाकांवरची. वरपक्षातल्या एका जाणकारानं चष्मा पुसून ती निरखली आणि म्हणाला, "पण ही तर दुसऱ्या कंपनीची गाडी दिसते." काकांनी खिशातून कानस काढली आणि पंगत बसेपर्यंत मोटारीचं नाक घासून तिला नवऱ्या मुलाच्या नोकरीत आणून सोडलं. कानस त्यांच्या खिशात असायचीच. दुसऱ्या खिशात सुई आणि डिंकाची बाटली.

मग नव्वदीचं दशक आलं. देशाची दारं उघडली म्हणतात, आणि दिल्लीकरांनी ती पहिल्यांदा वापरली ती घरातलं जुनं सामान बाहेर काढायला. ज्याच्या त्याच्या घरात फोमचे सोफे, रंगीत टीव्ही, काचेची टीपॉयं आली. आणि जे बाहेर पडलं ते सगळं काकांच्या घरात आलं. रविवारी सकाळी लाल किल्ल्यामागच्या जुन्या बाजारात ते जात आणि दुपारी पितळेची पानदानं, दाराच्या चिनीमातीच्या मुठी, रंगीत काचांची फुटकी हंडी, लाकडी रेडिओची नुसती पेटी असं काहीबाही घेऊन येत. "हे कशाला?" असं काकूंनी विचारलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं, "लागेल." आणि खरोखरच लागे. त्या रेडिओच्या पेटीतली खुंटी फिरवली की अंतरपाट दूर होऊन सुपारीचे नवरानवरी एकमेकांना दिसत, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. एकदा मात्र त्यांनी टांग्याचं अख्खं चाक आणलं. टांगे तेव्हा रस्त्यावरून उठत चालले होते. चाक लिफ्टमध्ये मावेना, म्हणून जिन्यानं एकेक पायरी वर ढकलणं सुरू झालं आणि सगळी सोसायटी दारात येऊन उभी राहिली. समोरचे सरदारजी खांदा लावता लावता म्हणाले, "अंकल जी, ये तो हो गया. घोड़ा कब आ रहा है?" काका घाम पुसत गंभीरपणे म्हणाले, "घोडे का अभी पक्का नहीं है."

आमच्या सेक्टरांच्या मधोमध एक जुनं गाव अडकून राहिलं होतं. त्याची शेतं जाऊन तिथे आमचे फ्लॅट उभे राहिले होते. पण गावातल्या बायका अजून अंगणात बसून मुंज गवताच्या रंगीत टोपल्या विणत. काकांना ते कळायचाच अवकाश. सलग कित्येक संध्याकाळी ते ऑफिसची बॅग मांडीशी घेऊन त्या घुंघटवाल्या बायकांच्या घोळक्यात बसू लागले. पहिल्या दिवशी बायकांच्या कामात पुरुष बघून एक म्हातारी म्हणाली, "बाबूजी, यो तो लुगाइयों का काम है." काका म्हणाले, "तो मेरे को लुगाई समझो, पर सिखाव." सगळा घोळका घुंघटाआड हसला आणि काका शिकले. त्यांचं हिंदी असं, की मोलभाव करताना दुकानदारच हात जोडत. पण बोटांना भाषा लागत नाही, हे त्यांच्याकडे बघून पटायचं.

एकच गोष्ट त्यांना सलत असे, आणि ती ते सहसा बोलून दाखवत नसत. रुखवत हे बघायचं असतं. लग्नाच्या दिवशी बायका टेबलाभोवती जमतात, 'बाई, बाई, काय हात आहे!' म्हणतात, फोटो निघतो आणि मग ते सगळं खोक्यात भरून सासरी माळ्यावर जातं. तिथून ते सहसा खाली येत नाही. कुणाच्याही घरी गेलं की काका बोलता बोलता एकदा वर, माळ्याच्या दाराकडे बघत. पुढे पुढे तर लोकांचं बघणंही कमी झालं. रुखवताच्या टेबलावर मायक्रोवेव्ह येऊन बसला, तोही खोक्यासकट. अशा एका लग्नातून काका न जेवताच घरी आले. "खोकं मांडलंय," ते काकूंना म्हणाले. "रुखवतात खोकं!" त्यानंतर त्यांना बोलावणी कमीच येऊ लागली. मग ते आमच्याच घरातल्या घड्याळाला झालर कर, फोनला टोपडं कर, असं करत बसत. मला त्यांची फार दया यायची.

अशात त्यांच्या नीताचं लग्न ठरलं. नीता त्यांची एकुलती एक मुलगी, माझ्याहून थोडी लहान, टेलिफोनच्या एका नव्या कंपनीत नोकरी करणारी. मुलगा तिच्याच ऑफिसातला, पंजाबी, गुडगावच्या नव्या वस्तीत राहणारा. काकांनी मुलाची जात-पात काही विचारली नाही. "त्यांच्या घरी भिंती केवढ्या आहेत?" एवढंच विचारलं आणि कामाला लागले. नीता अगदी रडकुंडीला आली. "बाबा, प्लीज यार, त्यांच्याकडे रुखवत-बिखवत नसतं. कोणी ढुंकून बघणार नाही, बिल्कुल नाही. तुम्ही वर्षभर खपणार आणि ते लोक सरळ जेवायला जाणार. मला नाही बघवणार ते." काका हातातली मुंज न सोडता म्हणाले, "नाही बघितलं तर नाही बघितलं. मी तर करणार."

पण त्यांना बघायला हवं होतं. आम्हाला सगळ्यांना ते ठाऊक होतं. अख्ख्या दिल्लीच्या मुलींची रुखवतं केली, आणि स्वतःच्या मुलीच्या रुखवतापुढून माणसं नुसती निघून जाणार, या धास्तीनं काका त्या वर्षात निम्मे झाले. सरकारी पगारातून, रजा साठवून, डोळ्यांचा नंबर वाढवून घेऊन त्यांनी जे केलं, तसं मी पुन्हा कुठे पाहिलं नाही. मुंजेच्या टोपल्यांना दाराच्या चिनी मुठी बसवल्या होत्या. पानदानांत मण्यांची बाग होती. फुटक्या हंडीच्या काचांचे दिवे होते, गव्हाच्या काड्यांचे मोर होते, खारकांचं वऱ्हाड होतं आणि त्या वऱ्हाडात ढोल वाजवणारी दोन बदामाची सरदारमंडळीही होती.

लग्न सकाळी आपल्या पद्धतीनं, संध्याकाळी त्यांच्या. हॉलवाल्यानं रुखवताचं टेबल नेमकं बाहेर पडायच्या दाराशी लावलं. अक्षता पडल्या, जेवणं झाली, आणि नीता म्हणाली होती तसंच झालं. येता-जाता कुणी थांबलं नाही. काका टेबलाच्या मागे हात बांधून उभे होते. शेवटी मुलाच्या बुआजी, म्हणजे आत्या, चांगल्या ऐसपैस बाई, तिथे थबकल्या. एक मोर उचलून त्यांनी उलटासुलटा केला. "हाय रब्बा! भाईसाहब, ये सब हमारे लिए है?"

काकांचा चेहरा असा उजळला, की मला लांबूनही दिसला. रुखवत सासरचंच असतं, खोटं काय होतं त्यात? ते म्हणाले, "हाँ जी, हाँ जी! सब आप ही लोगों के लिए है!"

झालं. बुआजींनी मोर पर्समध्ये घातला आणि हॉलच्या त्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात साऱ्या बारातीला हाक दिली. वऱ्हाडाला आहेर वाटायची त्यांच्याकडे रीतच, त्यांना वाटलं दाराशी तेच मांडलंय. बघता बघता टेबलाला गर्दीचा वेढा पडला. कुणी दिवा उचलला, कुणी टोपली, पोरांनी बदामाचे सरदार पळवले. आमच्या मराठी बायकांच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, लुटलं की हो रुखवत! कुणीतरी सांगा त्यांना!" माझी आई कमरेला पदर खोचून पुढे निघाली. काकांनी तिला हातानं थांबवलं. "थांबा वहिनी. नेऊ द्या." मग टेबलाकडे बघत म्हणाले, "आजवर लोकांनी नुसतं बघितलं. हे न्यायला भांडताहेत."

मग काका टेबलामागून निघाले आणि दारात जाऊन उभे राहिले. जो कुणी वस्तू घेऊन बाहेर पडेल त्याला थांबवून सूचना देऊ लागले. "ये धूप में मत रखना जी, रंग उडता है." "इस टोकरी में रोटी रखने का, शो के लिए नहीं है." आणि प्रत्येकाला शेवटी हात जोडून माळ्याबद्दल एकच विनंती, "बस, ऊपर टाँड पे मत डालना." लोक हसत, त्यांना मिठी मारत, 'बिल्कुल नहीं, अंकल जी' म्हणत आणि जात. एवढं बोललेले काका मी कधी पाहिले नव्हते.

संध्याकाळच्या तयारीला निघण्याआधी नीता शालू सावरत टेबलाशी आली. नुसता पांढरा कपडा उरला होता. तिनं तो उचलून खाली पाहिलं, आणि लहान मुलीसारखी भोकाड पसरून रडायला लागली. "बाबा, मला काहीच नाही ठेवलं?" काकू म्हणाल्या, "तूच म्हणत होतीस ना, ढुंकून बघणार नाहीत?" पण त्यांचेही डोळे भरून आले होते. काका पार गोंधळले. सगळ्यांच्या मुलींची आठवण ठेवणाऱ्या या माणसाच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. तिच्या पाठीवरून हात फिरवत ते म्हणाले, "अगं, त्यात काय! तुझं वेगळं करतो. एकेक करून आणून देतो."

तशी त्यांनी पुढची वर्षं काढली. मुलीच्या घरी सारखं जाऊ नये, गेलं तर रिकाम्या हातानं जाऊ नये, या बाबतीत काका फार जुन्या मताचे. पण वस्तू पोचवायची म्हटल्यावर इलाज नव्हता! रविवारी सकाळी ते पिशवी छातीशी धरून नोएडाहून निघत, बस बदलत गुडगावला जात आणि दिवेलागणीला परत येत. पुष्कळदा पिशवी जाताना होती तशीच भरलेली असे. नीताला काहीतरी खटकलं म्हणून दुरुस्तीला परत आणलीय, असं ते मोठ्या खुशीत सांगत. काकू म्हणत, "या माणसानं अख्खी बँक आठ दिवसांत बांधली होती. आता एक बैलगाडी करायला घेतलीय, तर दिवाळी आली तरी बैल उभा राहीना."

काका गेले त्याला आता बराच काळ झाला. त्यांच्यामागे वरचा मजला शांत झाला, आणि त्या शांततेची मला अजून सवय झालेली नाही. त्यांच्या दिवसांना मी नीताजवळ बसले होते. तिच्या घरात भिंती, फळ्या, खिडक्या काकांच्या वस्तूंनी भरलेल्या. पण बैलगाडीला बैल एकच होता. मी म्हटलं, "तुझं रुखवत काही पुरं झालं नाही गं. वय झालं होतं त्यांचं, हात पूर्वीसारखा राहिला नव्हता."

"हात शेवटपर्यंत चांगला होता," नीता म्हणाली. "मीच म्हणायचे, बाबा, याचं शिंग जरा वाकडं वाटतंय. घेऊन जा, आणि पुढच्या रविवारी आणा."