नवाबची रिकामी धाव

काल सकाळी इथं धाराशिवात सूनबाईनं माझ्या हातातली विळी काढून घेतली. "आई, हात थरथरतो तुमचा. आता नुसतं बसा." प्रेमानंच म्हणाली बिचारी... पण दुपारी मला जेवण गेलं नाही. आणि एकदम नवाब आठवला.

नवाब म्हणजे बैल! मी लग्न होऊन बेंबळीजवळच्या सासरी आले तेव्हा निजामाचं राज्य होतं, खरेखुरे नवाब हैदराबादेत होते. आमचा नवाब दोन्ही डोळ्यांनी आंधळा होता.

सासरचं घर मठाला लागून. मठाच्या आवारात म्हाताऱ्या, लंगड्या, कुणालाच नको झालेल्या जनावरांचा गोठा होता आणि त्यांचं शेणपाणी आमच्या घराकडं. नवी सून आल्यावर ते काम कुणाच्या गळ्यात पडलं, हे सांगायला नकोच.

नवाबला गावातल्या उस्मानचाचांनी आणलं. डोळ्यांत फूल पडलेलं. लोक म्हणत होते, बाजार दाखवा. पण ज्यानं मळा भिजवला त्याला बाजारात उभं करायला चाचांचा जीव होईना. "बेटी, लई गुणाचा हाय. इसको संभाल," एवढं म्हणाले आणि मागं न बघता गेले.

मठाचा एक नियम होता. इथं आलेल्या जनावराच्या मानेवर पुन्हा जू ठेवायचं नाही. आयुष्यभर राबलं, आता बसून खायचं. नवाबला सावली होती, कडबा होता, पाणी होतं... आणि नवाबनं खाणंच सोडलं.

सरकी भिजवून दिली, गूळ चारून पाहिला. मान फिरवायचा. बरगड्या दिसायला लागल्या. जनावरांचा सरकारी डॉक्टर येऊन गेला, आजार काही नाही म्हणाला. मठाचे स्वामी, त्यांना आम्ही अय्या म्हणायचो, तेही म्हणाले, "त्येचं भरलं आसंल, पोरी."

मला असा राग आला! माझ्या हाती सोपवलेलं जनावर मी असं जाऊ देणार नव्हते. मलाही माहेर सुटल्यापासून घास गिळवत नव्हता, त्यामुळं त्याचं न खाणं मला जरा जास्तच लागत होतं.

तडक उस्मानचाचांकडं गेले. हा तुमच्याकडं काय करायचा, म्हणून विचारलं. "काय करनार? दिवसभर मोट ओढायचा." मग त्यांनी सांगितलं की त्याचे डोळे कधी गेले हे त्यांनाही कळलं नव्हतं. मोट ओढताना बैल विहिरीपासून ज्या उतारावरून पुढं जातात आणि उलट पावली मागं येतात, ती धाव त्याच्या पायांना पाठ होती. एकदा दुसऱ्या रानात नांगराला नेला आणि बांधाला धडकला, तेव्हा कुठं समजलं!

घरी येता येताच माझं ठरलं.

दुपारी मठाच्या विहिरीवरची मोट सुटल्यावर मी नवाबला सोडला. सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणायचे, वाटेत आडव्या. "देवाच्या जनावराला जुंपतीस व्हय ग?"

"जू न्हाय ठेवत, आत्या. नुसतं चालवते."

"आन् हिरीत पडला म्हंजी?"

"मलाबी घिऊन पडंल." तोंडाळ होतेच मी पहिल्यापासून...

धावेच्या तोंडाशी त्याला उभा केला. तो दगडासारखा उभाच. दोर ओढला, पाठ थोपटली, चाचांसारखी हाळी दिली. काही उपयोग नाही. मला रडू फुटलं.

तेवढ्यात मागं चाक करकरलं. वळून बघते तर आत्या पदर खोचून, रिकाम्या मोटेचा नाडा, म्हणजे तो जाड दोर, हातानं ओढून वरचं चाक फिरवत होत्या.

नवाबचे कान उभे राहिले. त्यानं एक पाय टाकला, मग दुसरा... उतार उतरला, शेवटाला आपोआप थांबला आणि उलट पावली मागं आला. विहिरीच्या अलीकडं बरोबर थांबला. माझ्या हातातला दोर सैलच होता.

अय्या येऊन कधी उभे राहिले कळलंच नाही. मी घाबरले. पण ते हसले. "जू न्हाय, मोट न्हाय... मग नेम कुटं मोडला?"

त्या संध्याकाळी नवाबनं कडब्यात तोंड घातलं. आत्यांनी माझ्यापुढं भाकरी सरकवली. "तूबी कवाधरनं नीट खाल्लं न्हाईस. बस आता." सासरी आल्यापासून पहिल्यांदा मी पोटभर जेवले.

पुढं कितीतरी वर्षं रोज दुपारी आमची ती रिकामी धाव चालायची. मी दोर धरायचे, आत्या चाक फिरवायच्या. लोक हसायचे. हसू देत.

काल रात्री सूनबाईला हे सगळं सांगितलं. ऐकून ती भांडी आवरायला उठली, मला वाटलं कंटाळली. आज सकाळी मात्र विळी आणि पाव किलो भेंडी माझ्यापुढं ठेवून गेली. भेंडी जाडबारीक चिरली गेली, पण घरात सगळ्यांनी मुकाट खाल्ली. मीही चांगली जेवले.

मी बोलतेय आणि हा मोबाईल लिहितोय, म्हणजे सूनबाई हे वाचणारच... पोरी, चाक फिरवलंस ग माझं.