बद्द वाजलेला ग्लास

असले अनुभव मी चहाबरोबर करमणूक म्हणून वाचते, हे आधीच सांगून टाकते. शकुन-अपशकुनांवर माझा काडीचा विश्वास नाही... मांजर आडवं गेलं तर थांबून मांजराचीच विचारपूस करणारी मी. तरीही हे लिहितेय, कारण न लिहिणं कृतघ्नपणा होईल.

सिंगापूरला ईस्ट कोस्टच्या आमच्या कॉन्डोत शेजारच्या फ्लॅटमध्ये हेल्गा राहते. मूळची ऑस्ट्रियाची, सत्तरी ओलांडलेली, नवरा गेल्यापासून एकटी. माझी लेक तिला ‘ओमा’ म्हणते, म्हणजे त्यांच्याकडची आजी. हेल्गाचं माहेर द्राक्षमळेवाल्यांचं. वाइन म्हणजे नुसतं पिणं नव्हे, त्यात आपल्याहून जास्त सोवळं-ओवळं असतं, हे मला तिच्यामुळे कळलं. नोव्हेंबरात संत मार्टिनचा सण येईपर्यंत नव्या वाइनचा ग्लास उचलून ‘प्रोस्ट’, म्हणजे त्यांचं चीअर्स, म्हणायचं नाही. त्या दिवशी वाइनचं बारसं होतं, मग मोकळीक. मला एकदम पटलं. तुळशीचं लग्न लागेपर्यंत आवळ्या-बोरांना हात लावू न देणारी माझी आई तरी काय वेगळं करायची?

आई गेल्यापासून बाबा हेच माझं माहेर. कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत त्यांनी जन्मभर हातोडीने ठोकून, आवाज ऐकून कास्टिंग तपासण्याचं काम केलं. गेल्या वर्षी ते आमच्याकडे राहायला आले होते. सोमवारी सकाळी त्यांचं परतीचं विमान होतं, आणि रविवारी दुपारी हेल्गाकडे मार्टिनचं जेवण. नवरा टूरवर, म्हणून आम्ही तिघंच गेलो. या सणाला खरं तर हंस भाजतात. हेल्गा हॉकर सेंटरमधून, म्हणजे इथल्या खाऊगल्लीतून, भाजलेलं बदक आणते आणि संतांची काही तक्रार नसते म्हणते. बाबांचं मत एवढंच, की याला तांबडा रस्सा पाहिजे होता.

बाबा दारूला शिवत नाहीत, म्हणून त्यांच्या ग्लासात द्राक्षाचा रस. पाण्याचा ग्लास उंचावणं हेल्गाला अशुभ वाटतं. ग्लास दांडीला धरायचा, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं आणि मग ग्लासाला ग्लास लावायचा, हे तिने बाबांना शिकवलं. तिचा-माझा ग्लास टिंग वाजला. तिचा आणि बाबांचा मात्र... बद्द. तडा गेलेल्या माठासारखा.

“ओमा, धिस वन स्पॉइल्ट ऑलरेडी लाह,” लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

हेल्गाने ग्लास उजेडात धरून पाहिला. तडा नव्हता. तिने आपला ग्लास बाबांच्या हातात दिला – बद्द. बाबांचा ग्लास मी घेतला, तो माझ्या हातात छान वाजला. त्यांच्या हातात कुठलाही ग्लास बद्दच वाजत होता. बोटं दांडीवरच होती, काचेला लागत नव्हती, हे मी नीट पाहिलं.

हेल्गा खाली बसली. “माझ्या नवऱ्याच्या शेवटच्या मार्टिनला त्याचा ग्लास असाच वाजला होता,” ती इंग्रजीत म्हणाली. “मी हसले आणि ग्लास फेकून दिला. ग्लासात काही दोष नव्हता.” मग तिने मला सांगितलं, “तुझ्या वडिलांना विचार, कुठे दुखतंय का.”

खरं सांगते, मला तिचा राग आला. उद्या माणूस विमानात बसणार आणि ही भरल्या ताटावर असलं बोलते! तरी मी विचारलं.

“काय नाही गं. गॅस धरलाय जरा,” बाबा म्हणाले. पण त्यांची नजर ग्लासावर होती. त्यांनी तो पुन्हा माझ्या ग्लासाला लावला, मान तिरकी करून ऐकला आणि अलगद टेबलावर ठेवला.

“पोरी, ह्या आवाजाचं कास्टिंग मी जन्मात पास केलं नाही. दोन दिवस झाले, छातीत भरून येतंय. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून बोललो नाही. चल, कुठं जायचं तिथं जाऊ.”

लेकीला हेल्गाकडे ठेवून आम्ही टॅक्सीने हॉस्पिटल गाठलं. हृदयाची मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. संध्याकाळपर्यंत स्टेंट बसला. विमानात काय झालं असतं, असं मी विचारलं तेव्हा ‘आधी ते तिकीट रद्द करा’, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं.

माझा नवरा इंजिनिअर. त्याने नंतर सगळं करून पाहिलं... ओला हात, थरथरता हात, घट्ट पकड, सैल पकड. ग्लास वाजतच राहिले. उत्तर तो अजून शोधतोय. बाबा आता कोल्हापूरहून रोज फोन करून मलाच औषधांच्या वेळा सांगतात. ते ऐकताना उत्तराची मला फारशी घाई नसते.

बाबांना घरी आणलं त्या दिवशी मी हेल्गाकडे गेले. सरळ वाकून तिच्या पाया पडले. तिला बिचारीला काय कळणार? “काय पडलं तुझं?” असं म्हणत तीही दुखऱ्या गुडघ्यांनी खाली बसली. मला रडू आवरेना, आणि ती मात्र टेबलाखाली हात फिरवत म्हणत राहिली, “रडू नकोस, सापडेल, इथेच असेल.”