बोटीला नाव हवं

बंदरावर तिला सगळे आत्या म्हणत. सख्खा भाचा एकही नव्हता, पण होडीवाले, बर्फवाले, गोदीतले कारकून, झाडून सगळे तिचे भाचे. धक्क्यासमोरच्या पत्र्याच्या दुकानात ती बोटींची आच्छादनं शिवायची. जाड ताडपत्री, मेण लावलेला दोरा आणि चालू झाली की शेजारच्या दुकानातल्या बरण्या हलवणारी काळी शिलाई मशीन, एवढा तिचा संसार. उभं आयुष्य तिनं दुसऱ्यांच्या बोटी झाकण्यात घालवलं. बोटीत चढायची ती माप घेण्यापुरती, आणि माप झालं की उतरायची.

दुकानामागच्या खोलीत ती आणि तिची वहिनी राहत. भाऊ गेला तेव्हा वहिनी माहेरी जाईल असं लोकांना वाटलं होतं. वहिनीलाही वाटलं होतं. पण सामानाची बांधाबांध करताना दोघींचं एका पातेल्यावरून वाजलं, आणि भांडण अर्धवट टाकून जायचं कसं म्हणून वहिनी जी राहिली ती राहिलीच. फेरीबोटीच्या खिडकीत तिकिटं देता देता तिचे केस पांढरे झाले. भाऊ इंजिनं दुरुस्त करायचा, त्याच्या हाताखाली ती इंजिन उघडायला आणि त्याला शिव्या घालायला, दोन्ही शिकली होती. बोट चालवायचा परवानाही तिनं हट्टानं काढून ठेवला होता. बोट नव्हती, परवाना होता.

आणि यंदा बोटही आली. एक म्हातारा नावाडी लेकीकडे राहायला निघाला होता. त्याची निळी लाकडी बोट, आठ माणसं ऐसपैस बसतील एवढी, दोघींनी मिळून घेतली. रविवारी लोकांना दीपगृहापर्यंत फिरवून आणायचं असा बेत होता.

सगळं जमलं आणि नावावर घोडं अडलं. आत्याला ‘सागरसम्राज्ञी’ हवं होतं.

“एवढं नाव लिहायला बोट पुरायची नाही, वन्सं,” वहिनी म्हणाली. तिला ‘चिमणी’ हवं होतं.

“चिमणी काय बोटीला ठेवायचं नाव आहे? लोक हसतील.”

“हसतच बसतील बोटीत. रडत बसण्यापेक्षा बरं.”

या घोळात दिवसांमागून दिवस गेले. नावाशिवाय विम्याचा अर्ज भरता येत नव्हता, आणि नाव ठरत नव्हतं. शेवटी एका सकाळी चहा गाळता गाळता दोघींनी रेडिओवर ऐकलं की समुद्रात वादळ तयार होतंय आणि किनाऱ्याकडे सरकतंय. आत्यानं गाळणं तसंच ठेवलं. बंदरातल्या प्रत्येकाला नियम ठाऊक होता. बंदराच्या कचेरीवर धोक्याचा बावटा चढला की नवा विमा बंद.

दोघी चपला अडकवून निघाल्या त्या थेट विम्याच्या कचेरीत. विमावाला नुकताच कुलूप काढत होता. भारदस्त अंगाचा, चापून भांग पाडलेला, मऊ बोलणारा गृहस्थ.

“आत्या, तुम्ही? माझ्याकडे झाकायला काही नाही,” तो म्हणाला.

“आज तू आम्हाला झाक,” आत्या म्हणाली. “बोट घेतलीय.”

विमावाल्यानं खिडकीतून बंदराच्या कचेरीकडे पाहिलं. बावटा अजून खाली होता. त्यानं पाण्याचा घोटही न घेता बॅग उचलली आणि तिघं धक्क्यावर आली. बोटीभोवती फिरून त्यानं लाकूड ठोकलं, दोर ओढून पाहिले, मान डोलावली. मग थांबला.

“नाव कुठाय?”

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या.

“नाव दोन्ही बाजूंना हवं. ठळक. त्याशिवाय पुढे सरकत नाही.”

“सागरस—” आत्यानं तोंड उघडलं.

“चिमणी,” वहिनी म्हणाली.

विमावाला एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या घरीही एक बहीण आणि एक बायको होती, त्यामुळे त्यानं बाजू घ्यायचं टाळलं. “हे बघा, मागाहून बदलता येतं. सध्या काहीतरी तात्पुरतं लिहा आणि मोकळ्या व्हा.”

वहिनी दुकानातून पांढरा रंग आणि ब्रश घेऊन आली, आणि कुणी काही म्हणायच्या आत तिनं निळ्या लाकडावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘तात्पुरती’.

आत्या बघतच राहिली. आधी तिच्या कपाळावर आठ्या चढल्या. मग ओठाचा एक कोपरा हलला, मग दुसरा, आणि ती हसायला लागली ती धक्क्याच्या खुंटावर बसून पोट धरून. वहिनीच्या हातातला ब्रश हसण्यानं एवढा हलत होता की दुसऱ्या बाजूचं नाव आत्यालाच लिहावं लागलं. विमावाल्यानं हसू दाबत अर्जावर नाव चढवलं.

“आता एकच राहिलं,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा बारीक झाला. “इंजिन चालू असताना बोटीतून फोटो काढावा लागतो. मागे किनारा दिसला पाहिजे. आणि तो मीच काढायला हवा.”

“मग चढ की.”

“मला पोहता येत नाही, आत्या.”

इतकी वर्षं बोटींचे विमे उतरवणारा हा माणूस पाण्याला घाबरायचा, आणि आजवर फोटोपुरता धक्क्याला बांधलेल्या बोटीत एक पाय टाकून निभावून न्यायचा. पण इथून मागे दिसत होता तो मासळीचा ट्रक. किनारा हवा तर थोडं आत जाणं भाग होतं.

आत्यानं त्याचा हात धरला. “मलाही येत नाही. मी बसते तुझ्याजवळ.”

इंजिन पहिल्या झटक्याला खोकलं, दुसऱ्याला रुसलं. वहिनीनं त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या तेव्हा ते सुरू झालं. समुद्र तेलासारखा सपाट होता, वादळाआधी असतो तसा, आणि आभाळ पितळी. विमावाल्यानं एका हातानं फळी आणि दुसऱ्या हातानं आत्याचं मनगट धरून ठेवलं होतं. डोळे मिटलेले.

“उघड आता,” आत्या म्हणाली. “तुझी कचेरी बघ. काडेपेटीएवढी दिसतेय.”

त्यानं एक डोळा उघडला. मग दुसरा. मनगट सुटलं. त्यानं फोटो काढला, मग आणखी एक काढला, मग कचेरीचा, मग वहिनीचा, मग उडणाऱ्या पक्ष्यांचा. विम्याला एकच लागत होता.

“जरा त्या दगडांपर्यंत नेता?” तो संकोचून म्हणाला.

वहिनीनं नेली. परतताना त्यानं इंजिनाच्या झाकणावर कागद ठेवून सही केली आणि तिथूनच फोनवर मुख्य कचेरीत कळवलं. आत्याचा जीव भांड्यात पडला. खरं तर एवढी धावपळ करायची गरज नव्हती. बावटा चढला तो दुसऱ्या दिवशी दुपारी.

मग बंदरातले सगळे भाचे जमले. त्यांनी ‘तात्पुरती’ ओढून दुकानामागच्या भिंतीच्या आडोशाला आणली आणि ठोकळ्यांवर बसवली. आत्यानं तिला स्वतः शिवलेलं आच्छादन घातलं. दुहेरी टीप, कोपऱ्यांना चामडं. कुणाचं शिवताना लागला नव्हता एवढा वेळ तिनं त्याला लावला होता.

वादळ दिवसाउजेडी आलं. दोघी मागच्या खोलीत दार लावून बसल्या, आणि डोक्यावर जो काही धिंगाणा चालला होता तो ऐकत राहिल्या. मध्येच मोठा कडकडाट झाला आणि दुकानातून एकदम उजेड आला. वहिनीनं आधी मागच्या खिडकीतून पाहिलं, मग दुकानाकडचं दार किलकिलं केलं.

“वन्सं, बोट आहे जागेवर.”

“आणि आवाज कसला?”

“दुकानाचं छप्पर गेलं.”

आत्या उठून दाराशी आली. “त्याचा विमा?”

“आपण बोटीचाच काढला.”

दोघींनी धावपळ करून मशीन आधी खोलीत ओढली, मग ताडपत्रीचे गठ्ठे, आणि चिंब होऊन पलंगावर बसल्या. तिथं त्यांना जे हसू फुटलं ते वारा पडेपर्यंत पुरलं.

छप्पर दुरुस्त व्हायला वेळ लागणार होता, आणि इकडे बंदरातल्या निम्म्या बोटींची आच्छादनं फाटून गेली होती. कामाची ही रांग लागली. खोलीत मशीन ठेवली तर माणसाला पाय ठेवायला जागा उरेना. तेव्हा भाच्यांनी मशीन उचलून ‘तात्पुरती’त चढवली. आत्या मधल्या फळीवर बसली, डोक्यावर तिचंच आच्छादन ताणून बांधलेलं, पायाखाली कोरडं लाकूड. मशीन चालली की अख्खी बोट ठोकळ्यांवर थरथरायची.

विमावाला बायको आणि बहिणीला घेऊन आला तेव्हा वहिनी शिडीपाशी उभी होती, जुन्या सवयीनं लोकांना एकेक करून वर सोडत.

“आत्या कुठायत?” त्यानं विचारलं.

“बोटीत,” वहिनी म्हणाली. “वर जा, पण चप्पल काढून.”