शुक्रवारच्या ताटातली माझी बाजू

मुलांनो, तुमचे आजोबा दुबईजवळ रास अल खैमाच्या हॉस्पिटलात होते. त्यांना पुण्याला न्यायला मी गेले आणि त्यांच्या ऑफिसातल्या मोरोक्कन मित्राच्या घरी राहिले. तिथे शुक्रवारी सगळे एकाच मोठ्या ताटातून कुसकुस, म्हणजे गव्हाच्या रव्याच्या वाफवलेल्या कण्या, जेवत; ज्याने त्याने आपल्या पुढ्यातलंच घ्यायचं. मी मांस खात नाही म्हणून मित्राच्या पत्नी, म्हणजे वहिनी, माझ्या बाजूला फक्त भोपळा आणि चणे रचायच्या.

मी रोज त्या मित्राला विचारायचे, "उद्या सोडतील ना त्यांना?"

"इन्शाल्ला."

"हो की नाही, ते सांगा."

"भाभी, उद्याचं 'अल्लाची इच्छा असेल तर' असंच बोलायचं असतं."

एका शुक्रवारी ते मित्र हॉस्पिटलातून एकटेच आले. ताट मांडलेलं होतं. मी तेच विचारलं. या वेळी ते 'इन्शाल्ला' म्हणाले नाहीत; 'भाभी, ते गेले,' म्हणाले. वहिनींनी माझ्या पुढ्यातला भोपळा हलकेच झाकला.